संरक्षित क्षेत्रांतील ‘लोकसहभाग’ : एका शब्दाची आणि व्यवहाराची समीक्षा

प्रास्ताविक

वने आणि वन्यजीव यांच्याविषयी गेल्या तीन दशकांत जे शासकीय साहित्य निर्माण झाले, त्यात ‘लोकसहभाग’ या शब्दाइतका निर्विवाद शब्द दुसरा आढळत नाही. योजना केंद्राची असो वा राज्याची, अर्थसाहाय्य जागतिक बँकेचे असो वा जिल्हा नियोजनाचे, प्रस्तावनेत हा शब्द असतोच. त्याला विरोध कोणी करीत नाही. वनाधिकारी तो वापरतात, स्वयंसेवी संस्था वापरतात, विस्थापितांच्या बाजूने लढणारे कार्यकर्तेही वापरतात. परस्परांशी भांडणारे पक्ष एकच शब्द आनंदाने वापरू लागले, की त्या शब्दाखाली निरनिराळे अर्थ दडलेले आहेत असे समजण्यास हरकत नसावी.

प्रस्तुत लेखाचा हेतू एखाद्या योजनेचे यशापयश मोजणे हा नाही. संरक्षित क्षेत्रांचा कायदा, त्याखालील समित्या आणि प्रत्यक्ष व्यवहार या तिन्हींमध्ये ‘सहभाग’ या शब्दाचा कर्ता कोण असतो, निर्णय कोणता असतो आणि तो कोणत्या टप्प्यावर लोकांसमोर येतो, हे तपासणे हा आहे. मराठीत ‘भाग’ या शब्दाला वाटा असा पक्का अर्थ आहे. भागीदार म्हणजे नफ्यातोट्यातला वाटेकरी. त्याला हिशेब विचारण्याचा हक्क असतो. ‘सहभागी’ मात्र नुसता हजर असला तरी चालतो. शिबिरात, मिरवणुकीत, वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात आपण ‘सहभागी’ होतो आणि घरी परततो. भागीदारापासून सहभाग्यापर्यंत घसरलेला हा अर्थ अभयारण्यांच्या व्यवस्थापनात जसाच्या तसा दिसतो, असे माझे म्हणणे आहे.

समाजशास्त्राच्या अभ्यासकांना शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये मांडलेली नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी परिचित आहे. तळाशी लोकांना गुंडाळणे, मध्ये माहिती देणे व सल्ला घेणे, वर भागीदारी आणि सर्वांत वर नागरिकांचे नियंत्रण, अशी ती मांडणी. आपल्याकडील बहुतेक शोधनिबंध ही शिडी उद्धृत करतात आणि अमुक अभयारण्य चौथ्या पायरीवर आहे असे सांगून थांबतात. शिडीची ही मांडणी अमेरिकन शहरांच्या संदर्भात झाली होती. तेथे प्रश्न नगर नियोजनातील वाट्याचा होता. जंगलात राहणाऱ्या कोरकू, सोलिगा किंवा महादेव कोळी माणसाच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे : ज्या घरात तो पिढ्यान् पिढ्या राहत आला त्याच घराच्या व्यवस्थापनात ‘सहभागी’ होण्याचे निमंत्रण त्याला नंतर आलेल्या यंत्रणेकडून मिळते. शिडी कोणी उभी केली, हा प्रश्न पायरीच्या प्रश्नाआधी येतो.

कायद्याच्या मजकुरातील सहभाग

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये मुळात लोक दिसतात ते प्रामुख्याने हक्कदार म्हणून, आणि हे हक्क तपासून निकाली काढावयाचे असतात. अभयारण्याचा इरादा जाहीर झाला की जिल्हाधिकारी दावे मागवितो, चौकशी करतो, आणि काही हक्क चालू ठेवण्याची मुभा देऊ शकतो. राष्ट्रीय उद्यानाच्या बाबतीत तीही मुभा नाही. सर्व हक्क शासनाकडे वर्ग झाल्यावरच अंतिम अधिसूचना निघते आणि गुरे चारणे बंद होते. अनेक अभयारण्यांत हक्कनिश्चितीचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, याचा अर्थ असा की लोक ना हक्कदार ठरले ना परके.

२००२ च्या दुरुस्तीने (ती २००३ पासून अमलात आली) लोकसहभागाची भाषा प्रथमच या अधिनियमात शिरली. कलम ३३-ब नुसार प्रत्येक अभयारण्यासाठी सल्लागार समिती नेमावयाची आहे. तिचे प्रमुखपद मुख्य वन्यजीव रक्षकाकडे किंवा वनसंरक्षक दर्जाच्या त्याच्या प्रतिनिधीकडे. सदस्यसचिव अभयारण्याचा प्रभारी अधिकारी. पंचायत राज संस्थांचे प्रतिनिधी तीन. स्वयंसेवी संस्थांचे दोन आणि वन्यजीव संवर्धनात कार्यरत अशा व्यक्ती तीन, म्हणजे मिळून पाच. शिवाय आमदार, गृह आणि पशुसंवर्धन या खात्यांचे प्रतिनिधी. संख्येचा हा हिशेब तितका महत्त्वाचा नाही. महत्त्वाची आहे ती या कलमाची वाक्यरचना. समितीने अभयारण्याच्या संवर्धनाविषयी सल्ला द्यावयाचा आहे, आणि त्या सल्ल्याच्या विषयांमध्ये आतील व भोवतालच्या लोकांचा सहभाग हा एक विषय आहे. म्हणजे सहभाग कसा असावा यावर इतरांनी सल्ला द्यावयाचा, आणि तो स्वीकारावयाचा की नाही हे तिसऱ्याने ठरवावयाचे. सहभाग हा येथे व्यवस्थापनाचा विषय झाला. व्यवस्थापनाचा मार्ग झाला नाही. राष्ट्रीय उद्यानासाठी तर अशा सल्लागार समितीचीही तरतूद नाही.

त्याच दुरुस्तीने दोन नवे वर्ग निर्माण केले. शासकीय जमिनीवरील ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ स्थानिक समुदायांशी विचारविनिमय करून घोषित करावयाचे, आणि तेथील समितीत प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. परंतु तीही मुख्य वन्यजीव रक्षकाला सल्लाच देते. ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ मात्र वेगळे आहे. तेथील समिती ही व्यवस्थापनाचे प्राधिकरण आहे, तिचे सदस्य ग्रामपंचायत अथवा ग्रामसभा नामनिर्देशित करते, आणि तिने निवडलेला अध्यक्ष हा त्या क्षेत्राचा मानद वन्यजीव रक्षक होतो. वाचताना समाधान वाटते. पण असे क्षेत्र केवळ खासगी किंवा सामुदायिक मालकीच्या जमिनीवर, आणि तेही अन्य संरक्षित क्षेत्राच्या बाहेरच होऊ शकते. त्यातही जमिनीच्या वापरात बदल करावयाचा तर समितीच्या ठरावाला राज्य शासनाची मंजुरी लागते. थोडक्यात, कायद्याने लोकांना खरा अधिकार दिला तो त्यांच्या स्वतःच्याच जमिनीवर, आणि त्यावरही एक कुलूप ठेवले. कोणत्या ग्रामपंचायतीने स्वतःच्या जमिनीवर हे निर्बंध आपणहून का ओढवून घ्यावेत, याचे उत्तर मजकुरात मिळत नाही.

२००६ च्या दुरुस्तीतील कलम ३८-व तर समीक्षकासाठी अधिक बोलके आहे. व्याघ्र प्रकल्पाचे दोन भाग : गाभा आणि बफर. बफरची सीमा संबंधित ग्रामसभा आणि तज्ज्ञ समिती यांच्याशी विचारविनिमय करून ठरवावयाची. गाभ्याची सीमा ठरविताना सल्ला घ्यावयाचा तो फक्त तज्ज्ञ समितीचा. जेथे लोकांचे गमावण्यासारखे थोडे, तेथे त्यांना विचारावयाचे. जेथे सर्वस्व पणाला लागते, तेथे वैज्ञानिक निकष पुरेसे मानावयाचे. गाभा क्षेत्राचे वर्णन करताना कायद्याने जो इंग्रजी शब्द योजला आहे त्याचा अर्थ ‘अबाधित’ असा होतो, आणि आदिवासी व अन्य वननिवासींच्या हक्कांना धक्का न लावता ते क्षेत्र अबाधित ठेवावयाचे, असे त्याच वाक्यात म्हटले आहे. व्यवहारात मात्र त्या शब्दाचे वाचन ‘निर्मनुष्य’ असे झाले. वाक्याचा अर्धा भाग वाचून उरलेला सोडून देण्याचा हा प्रकार साहित्यात घडला असता तर त्याला चुकीचा अन्वयार्थ म्हटले असते.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम डिसेंबर २००६ मध्ये संसदेत संमत झाला; त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी अधिसूचित झाले. मधल्या काळात, २००७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, देशातील अनेक राज्यांनी व्याघ्र प्रकल्पांची गाभा क्षेत्रे घाईने अधिसूचित केली. महाराष्ट्रातील मेळघाट आणि ताडोबा-अंधारी यांच्या अधिसूचनाही डिसेंबर २००७ च्या अखेरीच्याच आहेत. दशकानुदशके हक्कनिश्चिती पूर्ण करू न शकलेल्या यंत्रणेने काही आठवड्यांत शेकडो चौरस किलोमीटरच्या सीमा ठरविल्या. हक्क मान्य करणारा कायदा अमलात येण्याच्या उंबरठ्यावर ही तत्परता दाखविली गेली, हा योगायोग मानणे कठीण आहे.

भरतपूरचे गवत

लोकांना वगळण्यामागे नेहमी दुष्ट हेतू असतो असे नाही. बहुधा तेथे एक प्रामाणिक समजूत असते की मनुष्याचा हात काढून घेतला म्हणजे निसर्ग आपल्या मूळ रूपात परततो. या समजुतीची सर्वांत महाग परीक्षा राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव घना येथे झाली. संस्थानिकांच्या शिकारीसाठी राखलेली ती मनुष्यनिर्मित पाणथळ. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तेथील गुरेचराईवर बंदी आली. भोवतालच्या गावांनी प्रतिकार केला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात गावकऱ्यांचे प्राण गेले. म्हशी बंद झाल्या. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे ऐंशीच्या दशकात केलेल्या दीर्घ अभ्यासातून असे दिसून आले, की चराई थांबल्यामुळे पास्पॅलम जातीचे गवत पाणथळीत माजले आणि अनेक जलपक्ष्यांना लागणारे मोकळे पाणी कमी झाले. चराईबंदीला पाठिंबा देणाऱ्या पक्षिशास्त्राच्याच परंपरेतून हा निष्कर्ष आला, हे त्या संस्थेच्या सचोटीचे द्योतक आहे. नंतर गवत कापून नेण्याची मुभा गावकऱ्यांना देण्यात आली. म्हैस नको, पण म्हशीचे काम माणसाने विळ्याने करावे, अशी ही तडजोड!

या उदाहरणाचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत ‘लोकांचा विश्वास न घेतल्याने झालेला संघर्ष’ असा होतो. तो अपुरा आहे. विश्वासाचा प्रश्न होताच. पण त्याहून खोल प्रश्न ज्ञानाचा होता. म्हशी चारणाऱ्यांना गवताविषयी जे दिसत होते ते नोंदविण्यासाठी व्यवस्थापनाच्या कागदावर रकानाच नव्हता.

माळढोक : कागदावरचे अभयारण्य

महाराष्ट्रातील उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचे आहे. १९७९ मध्ये सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर (आता अहिल्यानगर) या जिल्ह्यांत माळढोक पक्षी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्रफळ सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, कर्जत, श्रीगोंदा, नेवासे अशा तालुक्यांतील गावेच्या गावे, बाजारपेठा, उसाचे फड आणि रस्ते यांसह सारा मुलूख एका अधिसूचनेने अभयारण्य झाला. त्यातील वनखात्याच्या ताब्यातील जमीन अत्यल्प. उरलेली शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावरची.

येथे कोणाला हुसकावून लावले नाही. तसे करणे शक्यच नव्हते. पण जमिनीचे व्यवहार, उद्योग, बांधकाम या प्रत्येक बाबतीत अभयारण्याचा अडसर आला आणि लोकांच्या लेखी माळढोक हा पक्षी न राहता एक निर्बंध झाला. वास्तविक हा पक्षी शेतकऱ्याचा शेजारी होता. तो माळावर जमिनीवरच बहुधा एकच अंडे घालतो आणि भोवतालच्या कोरडवाहू शेतांत, ज्वारी, करडई, भुईमूग यांच्या रानांत चरतो. त्याचे भवितव्य वनरक्षकाच्या काठीपेक्षा शेतकऱ्याच्या पीकपद्धतीवर अधिक अवलंबून होते. आणि नेमक्या याच काळात उजनीचे पाणी कालव्यांतून आले, ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. एक शासकीय खाते माळ राखण्याची अधिसूचना काढीत होते, दुसरे तोच माळ भिजवीत होते. कोरडवाहू पीक घेणाऱ्याला काही मोबदला द्यावा, विणीच्या काळात अमुक पट्टा मोकळा ठेवण्याबद्दल गावाशी करार करावा, अशी व्यवस्था उभी राहिली असती तर ती खऱ्या अर्थाने भागीदारी झाली असती. तसे झाले नाही. अखेर न्यायालयाच्या मान्यतेने अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर नान्नजच्या माळावर माळढोक दिसणे ही वर्तमानपत्रात छापण्याजोगी घटना झाली होती.

माळढोकाच्या ऱ्हासाला वीजवाहिन्या, शिकार, अधिवासाचे तुकडे पडणे अशी अनेक कारणे आहेत आणि लोकसहभाग असता तर पक्षी वाचलाच असता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे व्यवस्थापन तेथील शेतकऱ्यावाचून करता येईल, ही कल्पना व्यवहारबुद्धीच्या कोणत्याही कसोटीवर टिकणारी नव्हती, एवढे म्हणता येते.

परिस्थितिकीय विकास : माणूस म्हणजे दाब

नव्वदच्या दशकात धोरणाचा सूर बदलला. महाराष्ट्राने संयुक्त वनव्यवस्थापनाचा शासन निर्णय १९९२ मध्ये काढला. संरक्षित क्षेत्रांसाठी जागतिक बँक व जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने भारत परिस्थितिकीय विकास प्रकल्प आला आणि पेरियार, नागरहोळे, गीर, रणथंबोर, पेंच (मध्य प्रदेश), बक्सा व पलामू ही सात क्षेत्रे निवडली गेली. गावात समिती स्थापावी, गॅस, चुली, दुभती जनावरे, बोअरवेल द्यावी, त्यामुळे जंगलावरील ‘जैविक दाब’ कमी होईल, असा हा विचार. महाराष्ट्रात २०१५ पासूनची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना याच कुळातील आहे.

‘जैविक दाब’ हा शब्दप्रयोग पाहावा. सरपण आणणारी बाई, गुरे राखणारा पोरगा, मोहफुले वेचणारे कुटुंब हे सारे त्यात ‘दाब’ होतात. दाबाशी संवाद होत नसतो, तो कमी करावयाचा असतो. त्यामुळे या समित्यांचे काम लाभ वाटण्यापुरते राहिले तर नवल नाही. सचिवपद वनरक्षक वा वनपालाकडे, आराखडा ठरलेल्या नमुन्यात, निधी वरून. नागरहोळेच्या आदिवासींच्या वतीने १९९८ मध्ये जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार गेली, आणि तिचा मुख्य मुद्दा हाच होता की प्रकल्प आखताना त्यांना विचारलेच नाही. लोकसहभागाच्या प्रकल्पाविरुद्ध, सहभाग नसल्याची तक्रार!

तरीही त्याच प्रकल्पातील पेरियारचे उदाहरण सरसकट नकारापासून आपल्याला अडविते, आणि ते थोडे सविस्तर पाहणे न्याय्य होईल. केरळमधील या जंगलात जंगली दालचिनीची साल चोरून नेणाऱ्यांची एक टोळीच होती. त्यांच्यावर खटले होते. वनखात्याने त्यांच्याशी बोलणी करून त्यांची परिस्थितिकीय विकास समिती स्थापली. जंगलाच्या चोरवाटा ज्यांना पाठ होत्या तेच पर्यटकांचे वाटाडे आणि गस्तीचे साथीदार झाले. २००२ पासून ‘वसंतसेना’ या नावाने स्थानिक स्त्रिया आळीपाळीने, विनामोबदला गस्त घालू लागल्या. मन्नान, पालियान या आदिवासींचे गटही या व्यवस्थेत आले. प्रकल्पाचा निधी २००४ मध्ये संपल्यावर हे सारे बंद पडू नये म्हणून पेरियार फाउंडेशन स्थापन झाले. पर्यटकांकडून मिळणारी रक्कम वरच्या तिजोरीत न जाता याच कामासाठी वापरण्याची सोय झाली. इतर अनेक ठिकाणी निधी संपताच समित्याही संपल्या, येथे टिकल्या. येथील अधिकाऱ्यांनी लोकांना ‘दाब’ न मानता त्यांच्या कौशल्याची किंमत केली, हे याचे एक कारण दिसते. दुसरे म्हणजे पैशाचा स्रोत जागच्या जागी राहिला. मात्र हे यश एका खात्याच्या सद्भावनेवर उभे होते. वसंतसेनेची स्त्री गस्त घालते, परंतु गस्तीचा मार्ग, बंद करावयाचा विभाग, पर्यटनाची कमाल मर्यादा ठरविण्याचा कायदेशीर हक्क तिच्याकडे नाही. चांगला अधिकारी जाऊन निराळा आला तर तिच्या हाती काय उरते, हा प्रश्न पेरियारचे कौतुक करणाऱ्यांनीही टाळू नये.

सोलिगांची आग

हक्कावर आधारलेला सहभाग कसा असू शकेल याचा प्रारंभ कर्नाटकातील बिळिगिरी रंगनाथ टेकड्यांत पाहावयास मिळतो. येथील सोलिगा आदिवासी उन्हाळ्याच्या आधी पालापाचोळ्याला हलकी आग लावीत. तिला ते ‘तरगू बेंकी’ म्हणतात. अभयारण्य झाल्यावर ही आग गुन्हा ठरली. पुढील दशकांत घाणेरीने जंगलाचा तळ व्यापला, आवळ्याच्या झाडांवर बांडगुळे वाढली. सोलिगांचे म्हणणे असे की हलकी आग घाणेरीची रोपे आणि बांडगुळे यांना आटोक्यात ठेवीत होती. संशोधकांनी हे म्हणणे गांभीर्याने घेऊन तपासले आणि त्यात तथ्य असल्याचे दाखविले. आता घाणेरी इतकी दाट आहे की साधी आगही वणव्यात बदलेल. जुनी पद्धत जशीच्या तशी पुन्हा सुरू करणे सोपे राहिलेले नाही. ज्ञान वेळेवर न ऐकल्याची किंमत अशी असते.

हे क्षेत्र जानेवारी २०११ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले आणि त्याच वर्षी सोलिगांच्या २५ ग्रामसभांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. व्याघ्र प्रकल्पाच्या आत असे हक्क मान्य होण्याची ही देशातील पहिली ठळक घटना. यातला फरक नेमका समजून घ्यावयास हवा. वनहक्क कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला ‘सहभागी’ करीत नाही; ते तिला वन्यजीव, वन आणि जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार देते. २०१२ मध्ये सुधारलेले नियम सांगतात की ग्रामसभेच्या समितीने सामूहिक वनक्षेत्राचा संवर्धन आराखडा करावा आणि तो वनखात्याच्या आराखड्याशी जोडावा. जोडताना कोणते फेरफार आवश्यक आहेत हे समितीने ठरवावे. कर्ता बदलला. वनखात्याच्या आराखड्यात लोकांना जागा देण्याऐवजी लोकांचा आराखडा आधी आणि जोडणी नंतर, असा हा क्रम आहे. मेंढा (लेखा) या गडचिरोलीतील गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून संरक्षित क्षेत्राबाहेर हा क्रम चालवून दाखविला. संरक्षित क्षेत्राच्या आत मात्र तो कागदावरून जमिनीवर येताना अडखळतो. मार्च २०१७ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने गाभा क्षेत्रांत वनहक्क देणे थांबविण्याचे पत्र काढले. वर्षभराने ते मागे घ्यावे लागले. त्या एका वर्षात जे दावे थांबले त्यांचे पुढे काय झाले, याची दखल धोरणविषयक चर्चेत क्वचितच घेतली जाते.

‘स्थानिक’ कोण?

लोकांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी आपल्याच शब्दांकडेही तितक्याच कठोरपणे पाहावे. ‘स्थानिक समुदाय’ हा शब्द जणू गाव म्हणजे एकच मन असल्याप्रमाणे वापरला जातो. बफरमधील पर्यटन पाहिले तर जीप, जमीन आणि भांडवल ज्याच्याकडे आहे तो स्थानिक आणि पहाटे प्रवेशद्वारावर मार्गदर्शकाच्या पाळीची वाट पाहणारा स्थानिक, यांचे हितसंबंध एक नसतात. देवरायांचे उदाहरण आपण अभिमानाने देतो. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा जो अभ्यास केला त्यामुळे समाजाने कोणत्याही खात्याविना जंगल राखल्याचा भक्कम पुरावा उपलब्ध झाला, यात शंका नाही. पण देवराईच्या नियमांतही कोणी आत जावे, कोणी जाऊ नये याच्या रेषा जातीच्या आणि स्त्रीत्वाच्या होत्या. परंपरा जेथे संवर्धन करते तेथे ती वगळतेही.

आणि धनगर? तो मेंढरे घेऊन पावसाळ्यात माळावर, पुढे कोकणात वा दूरच्या रानात जातो. ज्या गावाची ग्रामसभा भरते तेथे तो नसतो. जेथे असतो तेथे त्याचे मत नसते. नान्नजच्या माळावर लांडगा आणि धनगर यांचे पिढ्यान् पिढ्यांचे वैर-सख्य आहे. गवताळ प्रदेशाचे व्यवस्थापन त्याच्याशी बोलल्याविना करणे म्हणजे भरतपूरची पुनरावृत्ती. वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी वापराचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे, परंतु दाव्याचे अर्ज, समित्या आणि मोजणी हे सारे गावाच्या हद्दीत अडकलेले असल्याने तो हक्क बहुधा कायद्याच्या पुस्तकातच राहतो.

पुनर्वसन आणि संमती

सहभागाची अंतिम कसोटी पुनर्वसनाची असते, कारण तेथे ‘नाही’ म्हणता येते की नाही ते कळते. कायदा याबाबत आश्चर्यकारकरीत्या स्पष्ट आहे. आधी हक्क मान्य झालेले असावेत; सहजीवनाचा दुसरा पर्याय उरलेला नाही हे सिद्ध व्हावे; तेही परिसर जाणणाऱ्या पर्यावरणशास्त्रज्ञाशी आणि समाजशास्त्रज्ञाशी विचारविनिमय करून; आणि ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती असावी. मेळघाटात २००१ नंतर बोरी, कोहा, कुंड या गावांपासून पुनर्वसन सुरू झाले. पुढे २००८ पासून कुटुंबामागे दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपयांचे पॅकेज आले. काही गावांनी स्वतःहून मागणी केली, कारण जंगलात राहून शाळा, रस्ता, दवाखाना मिळत नव्हता. येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या गावाला अभयारण्याच्या नियमांमुळे वर्षानुवर्षे वीज आणि रस्ता नाकारला गेला, त्याने कंटाळून दिलेली संमती कितपत ऐच्छिक? जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित कोरकूंपैकी काही जण कबूल केलेल्या सोयी मिळाल्या नाहीत म्हणून जंगलातील जुन्या जागी परतले आणि वन व पोलीस कर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला. ती घटना ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न’ म्हणून नोंदली गेली. दिलेल्या संमतीच्या अटी कोणी मोडल्या, हे विचारण्याची जागा त्या नोंदीत नव्हती.

जून २०२४ मध्ये प्राधिकरणाने राज्यांना पाठविलेल्या पत्रानुसार देशातील व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांत ५९१ गावे आणि ६४,८०१ कुटुंबे अद्याप आहेत, आणि त्यांच्या स्थलांतराला गती द्यावी, असे त्यात म्हटले आहे. ‘ऐच्छिक’ स्थलांतराला गती कशी द्यावयाची, हे मात्र भाषेच्या अभ्यासकाला न सुटणारे कोडे आहे.

आराखड्याची भाषा

वन्यजीव अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, एक नवे दार किलकिले केले आहे. अनुसूचित क्षेत्रांतील किंवा वनहक्क कायदा लागू असलेल्या अभयारण्यांचा व्यवस्थापन आराखडा संबंधित ग्रामसभेशी यथोचित विचारविनिमय करून तयार करावयाचा आहे. ही संमती नव्हे, विचारविनिमयच आहे. तरी कलम ३३-ब च्या तुलनेत अंतर निश्चित कापले गेले. त्या ‘यथोचित’ या विशेषणात काय भरावयाचे, हे आता येणाऱ्या काही वर्षांत ठरेल, आणि त्यात महाविद्यालयांना करण्यासारखे काम आहे. संरक्षित क्षेत्रांचे बहुतांश आराखडे इंग्रजीत लिहिलेले असतात. त्यांतील नकाशांवर ओढ्यांना, टेकड्यांना, कुरणांना लोक ज्या नावांनी ओळखतात ती नावे बहुधा नसतात. मेळघाटच्या सीमेवरील महाविद्यालयातील भूगोल व मराठीच्या विभागांनी विद्यार्थ्यांकरवी ही नावे नोंदविली, आराखड्यातील विभागवार निर्बंध मराठीत आणि कोरकूत सांगता येतील असे उतरविले, आणि ग्रामसभेच्या तारखेच्या महिनाभर आधी ते गावात वाचून दाखविले, तर त्या ग्रामसभेत निदान प्रश्न तरी विचारले जातील. प्राथमिक शाळेच्या पटांगणात अर्ध्या तासात आटोपलेल्या, हजेरीपटावर अंगठे घेऊन पूर्ण झालेल्या बैठकीचे इतिवृत्त आणि या ग्रामसभेचे इतिवृत्त शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल, आणि दोन्हींत ‘सहभाग’ हा शब्द कोणत्या क्रियापदाजवळ येतो हे मोजता येईल.